सुभेदार खात नाही

सोमवारी सकाळच्या एसटीने हरणाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला निघाली, तेव्हा तिने घरातल्या कुणाचाच निरोप घेतला नाही. निरोप घेतला तो एडक्याचा. त्याच्या बाकदार नाकाडावरून हात फिरवला, कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली आणि मग जावयाकडे वळली.

"जावईबापू, चार दीस. सकाळ-सांजचा खुराक, ताजं पानी. गुरवारी मी येती. सुभेदार हाय तसा दिसला, तर ही काठी तुमची. न्हाईतर मी कळप इकून मोकळी हुती."

एवढे बोलून तिने ती बोरीची काठी काखेत मारली आणि एसटीत चढली. तीस वर्षे तळहातात फिरून त्या काठीला आरशासारखी झिलई आली होती. एसटी म्हसवडच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत तानाजी त्या काठीकडेच बघत राहिला.

सुभेदार हे एडक्याचे नाव. तानाजी स्वतः फौजेतून त्याहून खालच्या, हवालदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. तो निवृत्त होऊन सासुरवाडीला राहायला आला त्याच महिन्यात एडक्याचे बारसे झाले. हे नाव मुद्दाम ठेवले की काय, हे विचारायचे धाडस त्याला तीन वर्षांत झाले नव्हते. तानाजी मूळचा मेढ्याच्या डोंगरातला, पावसाचा आणि म्हशींचा माणूस. मेंढरे त्याने पाहिली ती रेल्वेच्या खिडकीतून. पुण्याच्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायची नोकरी चालून आली होती, ती त्याने नाकारली. बावीस वर्षे तो कुणाच्या ना कुणाच्या दारात उभाच राहिला होता. आता चालायचे, तेही साठ मेंढरांच्या मागे, माळावरच्या पिवळ्या उन्हात, खांद्यावर ती काठी आडवी टाकून, असे त्याने मनाशी ठरवले होते. फक्त काठी अजून सासूच्या काखेत होती.

सोमवारी संध्याकाळी त्याने मापून खुराक ठेवला. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, वर चिमूटभर मीठ. सुभेदाराने पाटीकडे पाहिले, मग तानाजीकडे पाहिले आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. तानाजीची बायको मंगल, तिची धाकटी बहीण राणी सांगलीच्या विश्रामबागेत राहायची. हरणाबाई तिच्याकडे उतरली होती.

"खाल्लं का त्येनं?"

"खाल्लं की, मामी," तानाजी म्हणाला. फौजेत असताना 'सब ठीक' म्हणायची सवय लागते, तीच ही.

मंगळवारीही तेच. माळावर जाऊन सुभेदार चार काड्या तोडायचा, पण पाटीला तोंड लावायचा नाही. तानाजीने भरडा बदलला, पाटी बदलली, स्वतःचा शर्टही बदलला. संध्याकाळी राणीचा फोन आला, की ऑपरेशन नीट झाले. आईला ताण द्यायचा नाही, जास्त बोलू द्यायचे नाही. आणि आई विचारते आहे, खाल्लं का त्याने.

"खाल्लं," तानाजी म्हणाला.

फोन ठेवल्यावर मंगल चुलीपाशी घुटमळली. "आवं, आई त्येला खायाला घालताना कायतरी म्हनत असती बगा."

"काय म्हनत असती?"

"गानं. ओव्या."

"मग म्हन की तू."

मंगलने पदर दातात धरला. "मी न्हाई बाई म्हननार ते."

"गान्यानं जनावर बरं हुतं, आसं चार्टात कुटं बी न्हाई," तानाजी म्हणाला आणि विषय मिटला.

चार्टाची हकीकत अशी. महिन्यापूर्वी हरणाबाईचा डोळा दाखवायला तो सांगलीला गेला होता. विश्रामबागेतल्या एका सभागृहाबाहेर 'पाळीव जनावरांतील विषबाधा : ओळख व उपचार, एकदिवसीय शिबिर, चहा-नाश्त्यासह' असा फलक होता. डॉक्टरांकडे नंबर लागायला वेळ होता, म्हणून तो आत शिरला आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन बाहेर आला. सोबत मिळालेला चार रंगांचा तक्ता त्याने म्हसवडला काच लावून फ्रेम करून घेतला. फ्रेम हातभर आणि तक्ता चार बोटे जास्त, म्हणून फ्रेमवाल्याने खालची पट्टी मागे दुमडली. तो तक्ता आता देवघराशेजारी लटकत होता. तानाजी आंघोळीनंतर आधी देवाला हात जोडायचा आणि मग तक्ता वाचायचा. तो त्याला तोंडपाठ झाला होता. फक्त आजवर वस्तीत कुणालाच विषबाधा झाली नव्हती, याची त्याला थोडी रुखरुख होती.

बुधवारी सकाळी तो गोठ्यात गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. सुभेदार पिवळा पडला होता. कपाळ पिवळे, पापण्यांच्या कडा पिवळ्या, ओठसुद्धा पिवळे.

तानाजी धावत घरात आला, फ्रेमसमोर सावधानमध्ये उभा राहिला आणि मोठ्याने वाचू लागला. "घाणेरी खाल्ल्याने होणारी विषबाधा. लक्षणे : भूक मंदावणे, डोळे पिवळे होणे, ऊन सहन न होणे. मंगल! सुभेदारानं घानेरी खाल्ली!"

"कुटं खाल्ली? कुपनाची घानेरी गेल्या साली तुमीच तोडली की."

"लक्षन बग, कुपान नगो बगू. त्येला सावलीत न्यायाचा."

गोठ्यावर पत्रा होता आणि पत्र्याला भोके होती, म्हणून सावलीची खात्री नव्हती. खात्रीची सावली एकच, माजघरात. तिथे सुभेदाराला नेऊन टीव्हीच्या स्टुलाला बांधले. दुसरा उपचार होता कोळशाची पूड. तक्त्यात लिहिलेला औषधी कोळसा घरात नव्हता, चुलीतला होता. तो मिक्सरमध्ये दळला.  मंगलने फक्त त्या मिक्सरकडे असे पाहिले, जसे माणूस सासरी जाणाऱ्या लेकीकडे पाहतो.

पाण्यात कालवलेला दोन बाटल्या कोळसा तानाजीने सुभेदाराच्या तोंडात ओतला. निम्मा पोटात गेला, निम्मा टीव्हीवर.

आता दोन बाटल्या पाणी पोटात गेल्यावर पोट दिसणारच. तानाजीला ते फुगलेले दिसले. तो पुन्हा फ्रेमपाशी गेला. "पोट फुगणे, अस्वस्थपणा, थरथर. युरियाची विषबाधा!" गोठ्यातल्या युरियाच्या पोत्याचा एक कोपरा फाटलेला होता. तो उंदराने फाडला होता, पण उंदीर साक्षीला आला नाही. उपचार : थंड पाणी व व्हिनेगर.

"व्हिनेगर कुटलं आननार?" मंगल म्हणाली.

तानाजीने मोटारसायकल काढली आणि अर्ध्या तासात म्हसवडच्या चायनीज गाड्यावाल्याकडून व्हिनेगरची बाटली घेऊन आला. गाड्यावाल्याने सोबत सोया सॉसही देऊ केला होता, पण तो तक्त्यात नव्हता.

व्हिनेगर पोटात गेल्यावर सुभेदाराने आयुष्यात पहिल्यांदा तानाजीकडे नीट रोखून पाहिले. मग तो दात खाऊ लागला. त्याच्या जागी कुणीही खाल्ले असते. पण 'दात खाणे' हे तक्त्यात तिसऱ्या रकान्यात होते. धान्य जास्त खाल्ल्याने पोटात आंबटपणा वाढतो, त्यावर खाण्याचा सोडा.

"आवं, दोन दिसात त्येनं दाना बी खाल्ला न्हाई," मंगल म्हणाली. "धान्य जास्त कसं हुईल?"

"आधीचं असंल साठल्यालं."

सोडा पाण्यात कालवून दिला. व्हिनेगर आधीच आत बसले होते. त्यानंतर जे झाले ते शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर करून दाखवतात. इथे ते माजघरात झाले. सुभेदार एकदा ढेकरला, दुसऱ्यांदा ढेकरला, आणि मग त्याच्या तोंडातून पांढरा शुभ्र फेस उसळून बाहेर आला. कोळशाने काळ्या झालेल्या ओठांवरून तो ओघळला आणि पिवळ्या हनुवटीवरून शेणाने सारवलेल्या जमिनीवर टपटपू लागला.

तानाजी पुन्हा फ्रेमकडे धावला. तोंडाला फेस हे शेवटच्या, लाल रकान्यात होते. कीटकनाशकाची विषबाधा. त्या रकान्यात घरगुती उपचार नव्हता. तिथे एकच शब्द होता : तातडीने.

हरणाबाई नसताना कळप माळावर नेणारा शेजारचा म्हातारा धुळा मेंढरे सोडायला आला होता. त्याने दारातून आत डोकावून पाहिले. "काय झालं, हवालदार?"

"इषबाधा."

"कशाची?"

"चारी रकान्यांची," तानाजी म्हणाला.

ही बातमी माळावर वाऱ्याच्या आधी पोचली. अर्ध्या तासात तीस माणसे अंगणात उभी होती. कुणी म्हणाले, वरच्या डाळिंबाच्या बागेत फवारणी झाली. कुणी आपली शेळी आत ओढली, कुणी हौदाचे पाणी सोडून दिले. एका पोरीने पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या सुभेदाराचा फोटो काढला आणि 'सुभेदार सीरियस' असे लिहून वस्तीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये विश्रामबागेतली राणीही होती. हे तानाजीच्या लक्षात आले नाही. तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावत होता.

डॉक्टर अश्लेषा मूळच्या वाईच्या. दवाखान्यात नेमणूक होऊन वर्ष झाले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका. त्याच्या डोळ्याची बाहुली बघून सांगा. बारीक झालीय का?"

तानाजी गुडघ्यांवर बसला. तीन वर्षांत त्याने सुभेदाराच्या डोळ्यांत कधी पाहिले नव्हते. वरिष्ठांच्या डोळ्यांत पाहायची सवयच नव्हती. त्याने पाहिले आणि फोनमध्ये ओरडला, "म्याडम! बाहुली आडवी झालीया!"

 "हवालदार, मेंढराची बाहुली आडवीच असते."

"कवापासनं?"

"मी येते," डॉक्टर म्हणाल्या.

त्या स्कूटीवरून आल्या. गर्दीतून वाट काढत माजघरात गेल्या. सुभेदाराचा ताप पाहिला, पोटाला हात लावला, छातीला नळी लावली. मग कापसाचा बोळा ओला करून त्याच्या पापणीवरून फिरवला. बोळा पिवळाधमक झाला आणि पापणी पांढरी झाली. त्यांनी बोळा नाकाशी नेला.

"ही हळद कुणी लावली?"

धुळा पुढे आला. "हळद न्हवं, भंडारा हाय. बिरोबाचा. पहाटं म्याच लावला. म्हातारीचा डोळा नीट हू दे म्हनून."

तानाजी त्याच्याकडे बघतच राहिला. "धुळाबापू, मग सकाळधरनं बोलला का न्हाई?"

"तुमी इच्यारलंच न्हाई. तुमी इषबाधा म्हनला. मला वाटलं, भंडाऱ्याबिगर आनखी कायतर आसंल."

डॉक्टर तानाजीकडे वळल्या. "काय काय दिलंत याला?"

तानाजीने टाचा जुळवल्या आणि क्रमाने हजेरी दिली. कोळसा दोन बाटल्या, व्हिनेगर एक बाटली, सोडा एक वाटी. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले.

"विष नाही याच्या अंगात," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या तक्त्यात अजून दोन रकाने असते, तर गेलं असतं. अशी बळजबरीने बाटली ओतली की पाणी फुप्फुसात जातं, जनावर त्यानेच मरतं. याचं नशीब चांगलं. छाती साफ आहे."

त्या देवघराजवळ गेल्या, भिंतीवरची फ्रेम काढली, मागचा पुठ्ठा सोडवून दुमडलेली पट्टी उलगडली आणि तानाजीच्या हातात दिली. पट्टीवर ठळक अक्षरांत छापले होते : 'कोणताही उपचार करण्यापूर्वी जनावर रोज सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारावे.'

"रोज कोण सांभाळतं याला?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायच्या आतच तानाजीच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर राणीचे नाव होते. सगळे अंगण दाराशी सरकले. तानाजीने तो फोन कानाला न लावता, स्पीकर सुरू करून समोर धरला, पिन काढलेल्या ग्रेनेडसारखा.

"जावईबापू," हरणाबाईचा आवाज आला. "राणीनं फोटू बगितला. मला तर दिसत न्हाई, डोळ्यावर पट्टी हाय. तुमीच सांगा. सुभेदार जित्ता हाय का?"

"हाय, मामी."

"खाल्लं का त्येनं?"

तानाजीने अंगणाकडे पाहिले, मंगलकडे पाहिले. काठी त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि दूर दूर जाऊ लागली.

"न्हाई, मामी. तुमी गेल्यापासनं न्हाई खाल्लं. मी खोटं बोललो."

 पलीकडे हरणाबाई खाकरली. हा आवाज तानाजीने कधी ऐकला नव्हता. सासू अवघडली होती.

"चूक तुमची न्हाई. एक सांगायचं ऱ्हायलं. ऱ्हायलं न्हवं, सांगितलं न्हाई म्या. त्येला गानं लागतं. त्याबिगर त्यो तोंड लावत न्हाई."

"मग म्हना की फोनवर," धुळा मधेच म्हणाला.

"आई, डॉक्टरांनी गायला न्हाई म्हनून सांगितलंय," मागून राणी ओरडली. "टाक्यावर ताण पडंल."

"मी बोलून दावती," हरणाबाई म्हणाली. "तुमी माज्या मागनं म्हना. पाटी हातात घ्या. आनि जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. कामाचं गानं हाय ते."

मंगल हळूच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अगदी सुभेदारासारखी.

तानाजीने पाटी उचलली. परेडला आवाज देतात तसा आवाज लावला. हरणाबाईने एकेक ओळ सांगितली आणि पुढच्या ओळीत काय येणार हे माहीत नसलेला तानाजी तीस माणसांपुढे गाऊ लागला :

"जावई माझा शिपाईगडी, सरहद्दीवर लढला गं
कोंबडं लागलं पाठीमागं, तवा झाडावर चढला गं"

अंगणात कुणीतरी शिंकल्यासारखा आवाज काढला. धुळाने पटका तोंडावर ओढला. सुभेदाराचा मात्र एक कान उभा राहिला.

"म्होरं," हरणाबाई म्हणाली. "थांबू नका, त्यो थांबल्यालं चालवून घेत न्हाई."

"मिशीला देतो पीळ, जावई माझा सकाळी गं
मेंढी कंची, शेळी कंची, पुसतो संध्याकाळी गं"

तीन वर्षे! रोज संध्याकाळी तानाजी टीव्हीवर बातम्या बघायचा आणि गोठ्यातून ती गोड, लांब सुरांची गुणगुण यायची. म्हातारी देवाचे म्हणते, असे वाटून तो आवाजसुद्धा बारीक करायचा.  सुभेदाराने मान वळवली आणि पाटीजवळ एक पाऊल टाकले.

"शेवटली," हरणाबाई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला.

"असू दे येडाबागडा, लेकीला दिलं त्यानं सुख गं
खा रं माझ्या सुभेदारा, तुला लागली असंल भूक गं"

पहिली ओळ म्हणताना तानाजीचा सूर कुठेतरी अडखळला. भिंतीकडे तोंड केलेल्या मंगलने डोळ्यांना पदर लावला. आणि सुभेदाराने पाटीत तोंड घातले. काळे-पिवळे तोंड भरड्यात बुडवून तो असा खाऊ लागला, की पाटी सारवलेल्या जमिनीवर सरकत चालली. तीस माणसे त्याच्या चावण्याचा आवाज ऐकत उभी होती.

"खातोय व्हय?" फोनमधून आले.

"खातोय, मामी."

"बास. रोज हेच म्हनायचं. शब्द बदलू नका. त्येला कळतं."

डॉक्टर अश्लेषांनी कागदावर औषध लिहिले. पोटासाठी एक पुडी. त्याखाली लिहिले : 'सकाळ-संध्याकाळ, ओवीबरोबर.'

तानाजीने शब्द बदलून पाहिले नाहीत, असे नाही. बुधवारी संध्याकाळी आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्याने 'येडाबागडा'च्या जागी 'शूरमर्द' घातले. सुभेदाराने तोंडातला घास तसाच धरून मान वर केली आणि आडव्या बाहुल्यांनी त्याच्याकडे पाहत राहिला. तानाजीने मुकाट्याने 'येडाबागडा' म्हटले. घास खाली गेला. तिथे तानाजीला एक गोष्ट समजली. सुभेदाराला कौतुक पचत नाही. मग त्याने पाटीशेजारी उकिडवे बसून थोडा विचार केला आणि एक नवी ओवी रचली. सुभेदाराने ती मान वर न करता, शेपूट हलवत ऐकली. गुरुवारी सकाळी पुन्हा ऐकली. दुपारी, आई येईपर्यंत पोटात काहीतरी असावे म्हणून, मंगलने जास्तीचा अर्धा खुराक घालायला लावला, तेव्हाही ऐकली.

गुरुवारी संध्याकाळी हरणाबाई काळा चष्मा लावून एसटीतून उतरली. काठी काखेतच. घरात न जाता ती थेट गोठ्यात गेली. सुभेदाराचे नाकाड चाचपले, पाठ चाचपली, पोट चाचपले.

"हाय तसा हाय," ती म्हणाली. "पाटी द्या. आज मीच घालती. हळू आवाजात म्हटलं तर टाक्याला काय हुत न्हाई."

तिने पाटी ठेवली आणि तीन ओव्या म्हटल्या. खालच्या सुरात, पण शब्दन् शब्द स्पष्ट. सुभेदाराने पाटीत तोंड घातले नाही. त्याने हरणाबाईकडे पाहिले, मग दारात उभ्या असलेल्या तानाजीकडे पाहिले आणि वाट बघत राहिला.

हरणाबाईने तिन्ही ओव्या पुन्हा म्हटल्या. सुभेदार तसाच.

"ह्येला काय झालं?" ती म्हणाली. "जावईबापू, काय दिलंसा ह्येला?"

"काय न्हाई दिलं, मामी." तानाजीने मान खाली घातली. "एक ओवी वाढलीया. ती बी म्हनावी लागती आता. न्हाईतर त्यो तोंड लावत न्हाई."

हरणाबाईचा काळा चष्मा त्याच्याकडे वळला. चष्म्याआड काय चालले आहे हे कळायला मार्ग नव्हता. मंगल चुलीपासून उठून दाराआड येऊन उभी राहिली.

"सांगा," हरणाबाई म्हणाली.

तानाजीने एकेक ओळ सांगितली. हरणाबाईने पदर नीट केला आणि पुढे काय येणार हे माहीत नसलेल्या माणसाच्या सुरात म्हणाली :

"सासूबाईचं माझ्या बोलणं, तोफ उडती पहाटं गं
मेंढरं पळती माळाला, हवालदार लागतो वाटं गं"

सुभेदाराने शेपूट हलवली आणि पाटीत तोंड घातले.

त्याने पाटी चाटूनपुसून रिकामी केली. बाहेर माळावरून धुळा मेंढरे घेऊन येत होता, आणि खुरांच्या धुळीत सूर्य मावळत होता. हरणाबाई भिंतीला हात देत उठली. तिने काखेतली काठी काढली, तिच्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि जावयापुढे धरली.

"घ्या," ती म्हणाली. "उद्यापासनं मेंढरं तुमची, खुराक तुमचा, गानं बी तुमीच म्हना. ह्ये आसलं रोज म्हनायला मला न्हाई जमायचं."